दोनदा आली, दोनदा गेली

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस नागोठण्याच्या नाक्यावर उभं राहून बघावं. मुंबई-गोवा महामार्गावरून चाकरमान्यांची रांगच्या रांग कोकणाकडे निघालेली असते. एसटी, खासगी बस आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या, माणसांनी खच्चून भरलेल्या, टपावर सामान बांधलेल्या गाड्या. पंधरा वर्षांपूर्वी या रांगेत एक गाडी हमखास दिसायची. लांबट, उंच, पुढच्या जाळीवर सोनेरी चिन्ह. आजीपासून नातवापर्यंत नऊ-दहा माणसं तिच्यात मावायची. डिझेलवर चालायची, म्हणून भाडंही परवडायचं. टुरिस्ट गाड्या चालवणाऱ्यांची ती आवडती होती. तिचं नाव तवेरा.

आता त्याच नाक्यावर तासभर उभं राहिलं तर एखादी तवेरा दिसली तर दिसली. नवी तर नाहीच, कारण ती आता बनतच नाही. ही गाडी बनवणारी कंपनी म्हणजे अमेरिकेची जनरल मोटर्स. १९३१ पासून २००७ पर्यंत, सलग ७७ वर्षं, जगात सर्वांत जास्त मोटारी विकण्याचा मान या कंपनीकडे होता. अशी कंपनी २०१७ मध्ये भारतातला बाजार सोडून गेली. कारण विचारलं तर लोक चटकन म्हणतात, ‘गाड्याच चांगल्या नव्हत्या.’ मला हे उत्तर अर्धवट वाटतं. उरलेलं अर्धं उत्तर शोधायचं तर थोडं मागं जावं लागेल. तेही अमेरिकेत नव्हे, आधी आपल्या मुंबईत, शिवडीला.

जनरल मोटर्स १९०८ मध्ये स्थापन झाली. १९२३ मध्ये आल्फ्रेड स्लोन हे तिचे अध्यक्ष झाले. त्या काळी मोटार म्हणजे हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’. एकच नमुना, वर्षानुवर्षं तोच. स्लोन यांनी वेगळा विचार केला. गिऱ्हाईक एकसारखं नसतं, मग गाडी एकसारखी का असावी? प्रत्येकाच्या खिशाला परवडेल अशी आणि प्रत्येकाच्या कामाला येईल अशी गाडी आपल्याकडे हवी. त्यांनी नावांची एक शिडीच लावली. खालच्या पायरीवर शेव्हरोले, वर पाँटिअॅक, ओल्डस्मोबिल, ब्यूक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. माणूस मिळवता झाला की शेव्हरोले घेईल, पगार वाढला की एक पायरी वर चढेल, पण आपल्या घराबाहेर जाणार नाही, असा हिशेब. ही शिडी टिकली ती एका गोष्टीवर. प्रत्येक नावाचा अर्थ लोकांना ठाऊक होता.

या घरातली सर्वांत स्वस्त पायरी भारतात आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. देशातला हा मोटारजोडणीचा पहिला कारखाना. अमेरिकेहून जहाजानं खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि शिवडीचे कामगार ते जोडून गाडी उभी करायचे. त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिली शेव्हरोले तिथून बाहेर पडली. मोटारी निघाल्या, मालमोटारी निघाल्या. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्यात सरकारी एसटी सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात फोर्ड आणि बेडफर्डच्या जोडीला शेव्हरोलेच्या गाड्याही होत्या. जुन्या माणसांच्या तोंडी हे नाव ‘शेवरलेट’ असं होतं, आणि भक्कम गाडी असा त्याचा अर्थ होता.

स्वातंत्र्यानंतर वारं बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडायचे, हे नव्या सरकारला मान्य नव्हतं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारनं ठरवलं की, टप्प्याटप्प्यानं गाडीचे भाग इथंच बनवण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनीच या धंद्यात राहावं. एवढ्या छोट्या बाजारासाठी पूर्ण कारखाना उभारणं जनरल मोटर्सला परवडणारं वाटलं नाही. १९५४ मध्ये शिवडीचं काम बंद झालं. पहिली खेप संपली. यात कंपनीचा दोष होता असं म्हणता येणार नाही. धोरणच तसं होतं.

पण त्याच मुंबईत दुसऱ्या एका कारखान्यानं उलटा निर्णय घेतला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. कुर्ल्याला १९४७ पासून डॉज, प्लायमाउथ आणि फार्गो अशा गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढं इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. तीच फियाट ११००, जी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावानं ओळखली जाऊ लागली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात पोचली.

पद्मिनी काही फार उत्तम गाडी होती, असं मी म्हणणार नाही. तिचा स्टिअरिंगजवळचा गिअर अडायचा, उन्हाळ्यात इंजिन तापायचं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, आणि गिऱ्हाईकाला पर्याय नसल्यानं कंपनीला सुधारण्याची घाईही नव्हती. तरीसुद्धा एक गोष्ट तिच्या बाजूनं होती. तिचे दोष सगळ्यांना पाठ होते. पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, कुठंही बंद पडली तरी बॉनेट उघडणारा मेस्त्री भेटायचा आणि भाग मिळायचा. गाडी सदोष, पण तिच्यामागं अख्खी व्यवस्था उभी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता थोडं अमेरिकेत जाऊ. १९६० च्या सुमाराला तिथं विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारींपैकी जवळजवळ एक जनरल मोटर्सची होती. इतकं यश पचवणं अवघड असतं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि लोक छोट्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या जपानी गाड्यांकडे वळले. जनरल मोटर्सनं घाईनं छोट्या गाड्या काढल्या. त्यांच्यात ब्रेकपासून अनेक तक्रारी निघाल्या. त्यात खर्च वाचवायला एक युक्ती केली गेली. एकच गाडी, फक्त पुढची जाळी आणि नाव बदलून वेगवेगळ्या दुकानांतून विकायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेव्हरोलेच्याच कॅव्हेलिअर या साध्या गाडीवर थोडी सजावट करून ती कॅडिलॅक सिमरॉन म्हणून बाजारात आणली गेली. गिऱ्हाईक दुधखुळं नसतं. कॅडिलॅकचे पैसे मोजून आपण शेव्हरोले घेतली, हे त्याला कळलं. स्लोन यांनी लावलेली शिडी त्यांच्याच वारसांनी मोडायला घेतली.

याच काळातली एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथं जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. कामगार दांड्या मारतात, मालात खोट असते, रोज भांडणं, अशी त्याची ख्याती. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा उघडला. इमारत तीच, युनियन तीच, बहुतेक कामगारही जुनेच. बदलली ती काम करण्याची रीत. गाडीत चूक दिसली तर कुठल्याही कामगारानं दोर ओढावा, मदत न मिळाल्यास लाइन थांबावी, पण चुकीचा माल पुढं जाऊ नये, हा नियम झाला. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या गाड्या कंपनीच्या सर्वोत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. म्हणजे दोष कामगारांच्या हातांत नव्हता, वरच्या मजल्यावर होता. पण हा धडा बाकीच्या कारखान्यांत पोचायला कंपनीला फार वर्षं लागली.

या पार्श्वभूमीवर जनरल मोटर्स दुसऱ्यांदा भारतात आली. १९९१ नंतर दारं उघडली होती. १९९४ मध्ये अॅम्बेसेडरवाल्या हिंदुस्थान मोटर्सशी भागीदारी झाली, गुजरातेत हालोलला कारखाना निघाला आणि १९९६ मध्ये ओपेल अॅस्ट्रा आली. ओपेल ही तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची जर्मन कंपनी. गंमत बघा, भारतात जुन्या लोकांना शेव्हरोले माहीत होती, आणि कंपनीनं आणलं ओपेल हे नवं नाव! अॅस्ट्रा, मग कोर्सा. लाखो रुपये खर्चून हे नाव लोकांच्या मनात रुजवायचं आणि ते जरा कुठं रुजतंय तोवर २००३ मध्ये शेव्हरोले बाजारात आणायची. २००६ मध्ये ओपेल हे नाव भारतातून पुसलंच गेलं. ज्यांनी कर्ज काढून ओपेल घेतली होती, त्यांच्या दारात आता बंद पडलेल्या नावाची गाडी उभी होती. जुन्या गाडीच्या बाजारात अशा गाडीला काय भाव येतो, हे सांगायला नको.

आणि ही नवी शेव्हरोले तरी कुठली? ऑप्ट्रा आणि स्पार्क मुळात दक्षिण कोरियाच्या देवूच्या, कारण देवूचा मोटारधंदा जनरल मोटर्सनं २००२ मध्ये विकत घेतला होता. तवेरा मुळात जपानच्या इसुझूची. फॉरेस्टर जपानच्या सुबारूची. पुढं २०१२-१३ मध्ये आलेल्या सेल आणि एंजॉय या गाड्यांचं मूळ चीनमध्ये. सोनेरी चिन्ह एकच, पण खाली चार घरांची पोरं. यात स्पार्कची कथा बोलकी आहे. तिचा मूळ साचा देवूच्या मॅटिझचा. मॅटिझ भारतात आधी विकली गेली होती, लोकांना आवडलीही होती. पण देवू बुडाली आणि मॅटिझवाले उघड्यावर पडले. तीच गाडी थोडी नटवून २००७ मध्ये नव्या नावानं पुन्हा आली. गाडी वाईट नव्हती. मेस्त्री चांगलंच म्हणायचे. पण घेणाऱ्याच्या मनात एक शंका उरायचीच, ‘हेही नाव टिकेल ना?’

तरी कंपनीनं महाराष्ट्रात मोठी उडी घेतली. पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना उभा राहिला आणि सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. महिना बघा. त्याच सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर मंदीची लाट आली. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी सरकारनं सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून तिला वाचवलं. पाँटिअॅक आणि सॅटर्न ही नावं कायमची गेली, ओल्डस्मोबिल तर २००४ मध्येच गेलं होतं. इकडं पैशाची चणचण भासल्यानं भारतातल्या कारभारात चीनच्या भागीदाराला निम्मा वाटा देण्याचं ठरलं. आईच दवाखान्यात असताना परगावी ठेवलेल्या लेकराकडे कोण बघणार, अशी तळेगावची अवस्था झाली.

तरीही तळेगावात चांगलं काम झालं. २०१० मध्ये आलेली बीट ही छोटी गाडी तरुणांना आवडली. २०११ मध्ये तिच्यात अवघं ९३६ सीसीचं डिझेल इंजिन बसलं. या दोन वर्षांत कंपनीनं भारतात दर साली लाखाहून जास्त गाड्या विकल्या. आता बस्तान बसलं, असं वाटत होतं.

आणि मग आलं २०१३ साल. त्या जुलैत कंपनीनं स्वतःच सरकारला कळवलं की, तवेराच्या बाबतीत आमच्याकडून गैरप्रकार झाला आहे. काय झालं होतं ते समजून घेऊ. नव्या गाडीला परवाना मिळाला म्हणजे काम संपत नाही. कारखान्यातून रोज निघणाऱ्या गाड्याही ठरलेल्या मर्यादेइतकाच धूर सोडतात की नाही, हे अधूनमधून तपासलं जातं. तवेराच्या बाबतीत असं झालं की, कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बाजूला काढून तीच तपासणीच्या गाड्यांत बसवली गेली. गाडीच्या वजनाच्या आकड्यांतही फेरफार झाला, कारण वजनावर धुराची मर्यादा ठरते. २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार तवेरा कंपनीला दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. अनेक अधिकाऱ्यांना नोकरीवरून काढलं गेलं, अमेरिकेतल्या वरिष्ठांसह. सरकारी समितीनंही कंपनीला दोषी ठरवलं.

विचार करा, ही कंपनीची भारतातली सर्वांत विश्वासाची गाडी होती. चाकरमान्यांना गावी नेणारी, लग्नाचं वऱ्हाड नेणारी, पेशंटला मुंबईला पोचवणारी. तिच्यासाठी कर्ज काढलेल्या टुरिस्टवाल्यानं कुणालाच फसवलं नव्हतं. पण तपासणीत फसवणूक झाली ती त्याच्याच गाडीच्या नावावर.

लोक म्हणतील, भारतात असं चालतंच. पण पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, अमेरिकेत याहून भयंकर प्रकरण बाहेर आलं. छोट्या गाड्यांतल्या किल्लीच्या स्विचमध्ये खोट होती. धक्का बसला की किल्ली फिरून इंजिन बंद व्हायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. आत काही लोकांना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. १२४ मृत्यू या दोषामुळं झाल्याचं भरपाईच्या निधीनं मान्य केलं. कंपनीनंच नेमलेल्या वकिलानं चौकशी केली, त्या अहवालात दोन सवयींचं वर्णन आहे. एक म्हणजे बैठकीत सगळ्यांनी होकारार्थी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही. दुसरी म्हणजे हातांची घडी घालून दोन्हीकडे बोट दाखवायचं, जबाबदारी माझी नाही, शेजाऱ्याची. फ्रीमाँटला कामगारानं दोर ओढायचा होता. मुख्य कचेरीत दोर ओढणारा कुणी नव्हता.

यानंतरचा उतार वेगानं झाला. जुलै २०१५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की, भारतात एक अब्ज डॉलर गुंतवू, हालोल बंद करून तळेगाव वाढवू, नव्या गाड्या आणू. दोन वर्षंही झाली नाहीत, तोवर १८ मे २०१७ रोजी उलटी घोषणा झाली, की वर्षअखेरीपासून भारतात शेव्हरोलेची विक्री बंद. जुन्या गाड्यांची देखभाल चालू ठेवण्याचं आश्वासन कंपनीनं दिलं, पण आपण विकलेल्या गाड्यांच्या भावावर याचा काय परिणाम होतो, हे ग्राहकानं तेव्हाच अनुभवलं.

आता मघाशी म्हटलेलं उरलेलं अर्धं उत्तर. २०१६-१७ या वर्षात कंपनीच्या भारतातल्या विक्रीचा आकडा सुमारे २६ हजारांवर घसरला होता. पण त्याच वर्षी भारतातून परदेशी गेलेल्या शेव्हरोलेंचा आकडा होता सुमारे ७१ हजार! तळेगावची बीट जहाजानं मेक्सिकोला जात होती आणि तिथं खपत होती. कामगार तेच, लाइन तीच. गाडी जर टाकाऊ असती तर मेक्सिकोच्या माणसानं ती का घेतली असती? म्हणजे दोष हातांत नव्हता. इथल्या बाजारात नावावरचा विश्वास संपला होता. लोकांनी गाडी नाकारली नाही, तिच्यामागं कुणी उभं राहील का, या शंकेपोटी ती घेतली नाही.

याची किंमत मात्र त्याच हातांना मोजावी लागली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची शेवटची गाडी निघाली. त्याआधी जानेवारीत चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी विक्रीचा करार झाला होता. पण एप्रिल २०२० मध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीचे नियम कडक झाले, सीमेवर तणाव वाढला आणि २०२२ मध्ये तो करार मोडला. हजाराहून अधिक कामगार मधल्या मध्ये लटकले. कारखाना विकायचा तर आम्हालाही नव्या मालकाकडे घ्या, ही त्यांची मागणी. आंदोलनं झाली, न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. अखेर ह्युंदाईनं २०२३ मध्ये कारखान्याचा करार केला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो पूर्ण झाला. इमारतीला नवा मालक मिळाला. ऐन तारुण्याची बारा वर्षं त्या लाइनवर घालवलेल्या माणसाला वयाच्या चाळिशीत नवं काम शोधणं किती सोपं असतं, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळं रस्त्यावरून उतरली. तिचं उत्पादन थांबून वीसेक वर्षं झाली होती, तरी तिचे भाग जोडून देणारे मेस्त्री शेवटपर्यंत भेटत होते. शेव्हरोलेकडे जगातलं तंत्रज्ञान होतं, पण ओळखीच्या मेस्त्रीसारखा भरवसा तिला कमावता आला नाही. चांगली गाडी बनवणं हा गुणवत्तेचा अर्धाच भाग झाला. खोट निघाली तर ती कबूल करणं, भाग पुरवत राहणं आणि दिलेलं नाव न बदलणं, हा दुसरा भाग.

नागोठण्याहून जाताना कधी एखादी जुनी तवेरा दिसली तर जरा नीट बघा. रंग उडालेला असेल, सीटची कव्हरं बदललेली असतील, टपावर सामान बांधलेलं असेल. कंपनी गेली, पण चालकानं तिला सोडलेलं नाही. तिच्यावर त्याचं घर चालतं. ज्या टिकून राहण्याची अपेक्षा लोकांनी कंपनीकडून केली होती, ते काम इथं एक साधा ड्रायव्हर आणि त्याचा मेस्त्री करत आहेत.